अनुभव धागा: जुनी मारुती जिप्सी घेताना तुम्ही आधी काय पाहिलंत?

मंडळी, नवी जिप्सी मिळणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. 2023मध्ये जिम्नी आली, पण तेव्हा तिची सुरुवातच पावणेतेरा लाखांच्या आसपास होती. म्हणून हौसेची, जपून ठेवायची गाडी म्हणून जुनी जिप्सी शोधणारे माझ्या ओळखीतच चौघं आहेत. मी साताऱ्यात 1998ची जिप्सी किंग सव्वादोन लाखांत घेतली. 1300 सीसी, कार्बोरेटर, पाच गिअर. 1985च्या पहिल्या जिप्सीला 970 सीसीचं इंजिन आणि चारच गिअर. घाटात फरक लगेच कळतो. माझं म्हणणं एकच, इंजिन सगळ्यात शेवटी बघा. ते चांगला मिस्त्री बांधून देतो. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गेली की गाडी गेली. तुमचे अनुभव लिहा, कागदपत्रांचेसुद्धा.

रत्नागिरीहून
चासीबद्दल शंभर टक्के सहमत. माझी बाहेरून आरशासारखी होती. घरी आणल्यावर मिस्त्री खाली शिरला, मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटपाशी पेचकस टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाच्या पापुद्र्यांवर पुट्टी, त्यावर ताजा काळा रंग. खारी हवा लोखंड खाते हे आम्हा किनाऱ्यावरच्यांना लहानपणापासून माहीत, तरी मी टायर आणि टप बघत बसलो होतो. पट्ट्या जोडून घ्यायला छप्पन्न हजार लागले. आता दर पावसाळ्यानंतर खालून धुऊन, वाळवून कोटिंग करतो. गाडी उत्तम आहे, विकणार नाही.

नागपूरहून
दिल्ली पासिंगची स्वस्त मिळाली, कारण तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली होती. एनओसी (जुन्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) कोणत्या आरटीओच्या नावाने आहे ते वाचून घ्या. माझ्या एनओसीवर दुसराच जिल्हा होता, चार महिने गाडी दारात उभी. शिवाय इथला रोड टॅक्स आणि पर्यावरण कर सौद्याच्या हिशेबात आधीच धरा.

नाशिकहून
मला लष्कराच्या लिलावातली हवी होती. पहिल्या गाडीचे मूळ कागद विकणाऱ्याकडे नव्हतेच, नुसत्या झेरॉक्स. सौदा मोडला. दुसरी मिळायला आठ महिने लागले. ऑलिव्ह ग्रीन रंग लष्कराबाहेरच्या गाडीला चालत नाही, मोटार वाहन नियमांतच तसं आहे, म्हणून पांढरी केली. वडील फौजेत होते. रंग खरवडताना ते अंगणात आले नाहीत. पण पासिंग झालं त्या दिवशी स्टिअरिंगवर तेच बसले.

कोल्हापूरहून
फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद) तोंडी सांगण्यावर घेऊ नका, आणि डांबरावर तपासू नका. मातीच्या चढावर न्या, थांबून फोर-लो (चारही चाकांचा हळू पण जोरदार गिअर) टाका, हळूहळू चढवा. मी बघितलेल्या एका गाडीत भार आला की लिव्हर सुटून न्यूट्रलला यायची. मालकाने तिथेच तीस हजार कमी केले. तरी मी ती घेतली नाही.