भाचीच्या बी.सी.ए.साठी ३३,९९० चा लॅपटॉप घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सवलत रविवारी रात्री संपते आहे, म्हणून थेट विचारते.

माझी भाची सांगलीला बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहिलं सत्र तिने कॉलेजची लॅब आणि मैत्रिणीचा लॅपटॉप यांवर काढलं. आता जावा आणि मायएसक्यूएल सुरू झालंय, पुढच्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) लागेल असं तिच्या सरांनी सांगितलंय. बहिणीने आणि मी मिळून भिशीचे ३५,००० बाजूला ठेवलेत. फार तर वर दोन हजार घालू शकू, त्यापुढे नाही.

दुकानात दाखवलेला लॅपटॉप असा: १५.६ इंची, रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११. छापील किंमत ५४,९९०, ती खोडून ३३,९९०. विक्रेता मुलगा म्हणाला, "मॅडम, ७००० ची सिरीज आहे, म्हणजे एकदम नवीन. या भावात इंटेलचा आय-थ्री बघूच नका."

मला धास्ती अशी की आमच्या घरात हे एकदा होऊन गेलंय. पुतण्याला असाच सवलतीत लॅपटॉप घेतला, त्यात एसएसडीऐवजी ६४ जीबीची ईएमएमसी (फाइली साठवायची हळू चालणारी चिप) होती, हे आम्हाला घरी आणल्यावर कळलं. विंडोजचं अपडेट यायचं आणि जागा नाही म्हणून अडकायचं. पोरगा सगळं पेनड्राइव्हवर काढायचा, अपडेट करायचा, परत भरायचा. वर्षभरात तो लॅपटॉप कपाटात गेला. पैसे माझ्या जाऊबाईंनी शिलाईतून साठवलेले होते.

म्हणून यावेळी दुकानातच टास्क मॅनेजर उघडून मेमरीचं पान पाहिलं. तिथे फॉर्म फॅक्टरपुढे "रो ऑफ चिप्स" असं लिहिलंय. याचा अर्थ काय? रॅम पुढे वाढवता येईल, असं तो मुलगा म्हणतोय. दुसरं म्हणजे, मी उभी राहून वरून पाहिलं तर स्क्रीनवरच्या फोटोतला गडद भाग फिका पडत होता. बसून पाहिलं की ठीक. हे चालवून घ्यावं का?

प्रतिसाद

ताई, टास्क मॅनेजर पाहिलात हे फार बरं केलंत. "रो ऑफ चिप्स" म्हणजे रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे. ७५२०यू ला जी एलपीडीडीआर५ रॅम लागते ती अशीच येते, तिला स्लॉट नसतो. तेव्हा आज ८ तर कायम ८. त्यातलीही थोडी ग्राफिक्सला जाते. अँड्रॉइड स्टुडिओला ८ जीबी ही किमान अट आहे. एमुलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) चालवायचा तर १६ हवी. एमुलेटरऐवजी केबलने स्वतःचा फोन जोडून ॲप तपासता येतं, पण ती सोय झाली, तेवढ्या भरवशावर तीन वर्षांसाठी मशीन घेऊ नये.

आता "७००० म्हणजे नवीन" हे बघू. पहिला ७ हा एएमडीच्या (रायझन बनवणाऱ्या कंपनीच्या) पद्धतीत मॉडेलचं वर्ष दाखवतो, इथे २०२३. आतली रचना कोणती ते तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, जी २०१९ ची आहे. कोअर चार. ७५३०यू मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. नावात फरक एका आकड्याचा, पण चिप पूर्ण वेगळी. जावा, डेटाबेस यांना ७५२०यू पुरेल. मला खटकतं ते रॅमचं.

प्रतिसाद

वरून पाहिल्यावर रंग उडतात म्हणजे स्क्रीनचं पॅनल बहुतेक टीएन प्रकारचं असणार. आयपीएस मागा, त्यात बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. मुलगी रात्र रात्र कोड वाचणार आहे, डोळ्यांचा विचार करा.

प्रतिसाद

मी रिफर्बिश्डचा, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घ्यायचा पर्याय सुचवेन. कंपन्यांमधून बाहेर पडलेले डेल लॅटिट्यूड ५४२० सारखे लॅपटॉप मजबूत असतात आणि त्याला रॅमचे दोन स्लॉट आहेत. मुंबईला कोणी असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करायला सांगा. घेण्याआधी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाईप करायचं. जो अहवाल तयार होतो त्यात डिझाइन कपॅसिटी (बॅटरी नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आजची) हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरीचा खर्च किमतीत धरा.

आणि खोडलेल्या ५४,९९० कडे बघूच नका. तेच मॉडेल दुसरीकडे आज कितीला मिळतंय, तेवढं बघा. नो-कॉस्ट ईएमआय घेणार असाल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी किती, तेही आधी विचारून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रिफर्बिश्डचं बहिणीला पटत नाहीये. काही बिघडलं तर मुंबईला कोण नेणार, हा तिचा प्रश्न मला बरोबर वाटतो.

तेच मॉडेल मी आणखी दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी ३४,२००, दुसरीकडे ३४,५००, आणि तिथे कसलीही सवलत चालू नव्हती. म्हणजे रविवारच्या मुदतीने मी उगाच दोन रात्री जागून काढल्या.

आज भाचीला घेऊन परत गेले. इंटेल आय-थ्री १२१५यू चा एक लॅपटॉप ३६,४९० ला आहे. ८ जीबी, ५१२ एसएसडी, आयपीएस स्क्रीन. भाचीनेच टास्क मॅनेजर उघडला: फॉर्म फॅक्टर एसओडीआयएमएम (स्लॉटमध्ये बसणारी, काढता येणारी रॅम), स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २. बोट ठेवून मला म्हणाली, "मावशी, हा एक रिकामा आहे." बजेटच्या काठावर जातंय, पण दिवाळीपर्यंत रॅमची दुसरी ८ जीबीची स्टिक घालता येईल असं वाटतंय.

आता एवढंच सांगा: आत डीडीआर४ ३२०० प्रकारची रॅम आहे. दुसरी स्टिक त्याच कंपनीची असावी लागते का? आणि स्लॉटसाठी मागचं झाकण बाहेरच्या माणसाकडून उघडलं तर वॉरंटी जाते का, हे बिल करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावं का?