एनएफएलमधील लबाडी आणि खेळाडूंच्या शिक्षा: टॉम ब्रेडीचे चार सामन्यांचे निलंबन न्याय्य होते का?

आडवाट

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, खेळाच्या सचोटीला बाधा आणणारे प्रकरण उघडकीस आले की आरोप ठेवणे, शिक्षा सुनावणे आणि त्या शिक्षेविरुद्धचे अपील ऐकणे ही तिन्ही कामे आयुक्ताच्या अखत्यारीत येतात. २००६ पासून हे पद रॉजर गुडेल यांच्याकडे आहे. त्यांच्या कारकिर्दीतील प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर खेळाडूंना झालेल्या शिक्षांमागे कोणतेही सूत्र सापडत नाही, असे माझे मत आहे.

सप्टेंबर २००७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या एका कर्मचाऱ्याने मैदानाच्या कडेवरून जेट्स संघाच्या प्रशिक्षकांच्या खुणांचे चित्रीकरण केले. मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख डॉलर आणि संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला, शिवाय २००८ च्या ड्राफ्टमधील, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील, पहिल्या फेरीची निवड गेली. पण बेलिचिक यांना एका सामन्यासाठीही बाहेर बसावे लागले नाही, आणि ताब्यात घेतलेल्या चित्रफिती लीगने स्वतःच नष्ट करून टाकल्या.

आता १८ जानेवारी २०१५ चा फॉक्सबरो येथील सामना पाहा. पेट्रियट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सना ४५-७ असे हरवले, परंतु मध्यंतरात तपासलेले त्यांचे अकराही चेंडू नियमापेक्षा कमी दाबाचे निघाले. (नियम असा की दाब १२.५ ते १३.५ पीएसआय असावा, आणि प्रत्येक संघ आक्रमणाच्या वेळी आपापले चेंडू वापरतो.) वकील टेड वेल्स यांच्या २४३ पानी अहवालाचा निष्कर्ष असा होता की दोन कर्मचाऱ्यांनी मुद्दाम हवा काढली असण्याची शक्यता, काढली नसण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, टॉम ब्रेडीला त्याची निदान ढोबळ कल्पना असावी. एवढ्यावरून ब्रेडीला चार सामन्यांचे निलंबन, संघाला दहा लाख डॉलर दंड आणि दोन ड्राफ्ट निवडींची जप्ती, त्यातली एक पहिल्या फेरीची.

लीगच्या स्वतःच्या नियमावलीत तपासणीनंतर चेंडूशी छेडछाड केल्यास २५,००० डॉलर दंडाचा उल्लेख होता, तो अखेरची मर्यादा म्हणून नसला तरी अपेक्षा काय होती हे त्यावरून कळते. अपिलात गुडेल यांनी या कृत्याची तुलना स्टिरॉइड घेण्याशी केली, कारण त्याला चार सामन्यांची शिक्षा ठरलेली होती. मग हाताला चेंडू चिकटावा म्हणून चिकट पदार्थ लावणाऱ्या खेळाडूशी तुलना का केली नाही? त्याला पहिल्या वेळी ८,२६८ डॉलर दंड होता. हा प्रश्न माझा नाही, प्रकरण पुढे न्यायालयात गेले तेव्हा अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांनी आपल्या विरोधी मतात तो विचारला आहे.

रोखठोक

आडवाट यांनी प्रकरण नीट मांडले आहे, पण त्यातला सर्वांत अडचणीचा भाग गाळला आहे, म्हणून तो मी लिहितो. मार्च २०१५ मध्ये वेल्स यांच्यासमोर जबाब देण्याच्या सुमारास ब्रेडीने आपला मोबाइल बदलला आणि जुना नष्ट करायला सांगितले. त्यात चार महिन्यांतले जवळपास दहा हजार संदेश होते, आणि तपासकर्त्यांनी त्याआधीच त्यातील संबंधित संदेश मागितलेले होते. फोन हातात द्या असेही कोणी म्हणत नव्हते. संदेश त्याच्याच वकिलांनी निवडून द्यायचे होते. इतकी सवलत मिळत असताना जो माणूस फोनच नाहीसा करतो, त्याच्याविषयी प्रतिकूल अनुमान काढणे हा अन्याय कसा? आपल्याकडच्या साध्या खातेनिहाय चौकशीतही हेच झाले असते.

चित्रफिती आणि चेंडू यांची तुलना मला मान्य आहे, मात्र तिचा निष्कर्ष उलटा निघतो. २००७ मध्ये बेलिचिक यांना बाहेर बसवायला हवे होते, ते बसवले नाही ही चूक झाली. पहिली चूक झाली म्हणून दुसऱ्या वेळीही सौम्यच वागावे असा नियम लावला तर शिक्षा कधीच कडक होणार नाही. शिवाय संघ तोच आहे. आठ वर्षांत त्याच संघाचे नाव दुसऱ्यांदा आले, याचे वजन आयुक्तांनी का लक्षात घेऊ नये?

राहिला प्रश्न आयुक्तांच्या अधिकारांचा. कामगार करारातील कलम ४६, जे आयुक्तांना हे अधिकार देते, खेळाडूंच्या संघटनेने २०११ मध्ये सही करून स्वीकारलेले आहे. त्या वर्षी टाळेबंदी संपवताना संघटनेने उत्पन्नातील वाटा आणि सरावाचे कमी दिवस यांवर जोर दिला आणि शिस्तीच्या कलमावर पाणी सोडले. सौदा केल्यावर सौद्यातला न आवडणारा भाग अन्यायकारक ठरवता येत नाही.

भौतिकवाला

शिक्षा योग्य की अयोग्य यावर एवढे शब्द खर्च होतात, पण मुळात हवा काढली होती का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारण्यासाठी फक्त बारावीचे भौतिकशास्त्र पुरते.

उबदार खोलीत १२.५ पीएसआयपर्यंत भरलेला चेंडू थंड, पावसाळी मैदानावर नेला की दाब आपोआप उतरतो. लीगने नेमलेल्या एक्स्पोनंट या संस्थेच्याच हिशेबाने मध्यंतराला पेट्रियट्सच्या चेंडूंचा दाब ११.३२ ते ११.५२ च्या दरम्यान यायला हवा होता. प्रत्यक्षात मापे दोन दाबमापकांनी घेतली गेली. एका मापकावर बोधचिन्ह होते आणि त्याची सुई लांब व वाकडी होती. तो दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.३ ते ०.४५ ने जास्त आकडा दाखवत असे. या बोधचिन्हवाल्या मापकावर अकरा चेंडूंची सरासरी ११.४९ आली, म्हणजे निसर्गनियमाने यायला हवी तेवढीच. दुसऱ्यावर ती ११.११ आली. त्यामुळे सारा खटला एकाच गोष्टीवर येऊन थांबतो: सामन्यापूर्वी मुख्य पंच वॉल्ट अँडरसन यांनी कोणते मापक वापरले होते?

अँडरसन यांनी आपल्या आठवणीप्रमाणे बोधचिन्हवाले मापक वापरल्याचे सांगितले. वेल्स यांनी पंचांच्या बाकी जवळपास सर्व आठवणी प्रमाण मानल्या आणि नेमकी हीच अमान्य केली. कोल्ट्सचे फक्त चार चेंडू तपासले गेले, कारण मध्यंतर संपले. त्यांतील तीन एका मापकावर १२.५ च्या खाली होते, पण त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या हंगामात लीगने निवडक सामन्यांत चेंडूंचा दाब मोजला, पण ते आकडे प्रसिद्ध केले नाहीत. थंडीत प्रत्येक संघाचे चेंडू असेच उतरतात हे दिसले असते, तर चार सामन्यांच्या निलंबनाचे काय समर्थन उरले असते?

सरळमार्गी

मध्यंतरात चेंडू पुन्हा भरले गेले आणि दुसरा अर्ध पेट्रियट्सनी २८-० असा जिंकला. फायदा शून्य, तर शिक्षा कसली?

रोखठोक

सरळमार्गी यांच्या युक्तिवादाने कॉपी करूनही नापास झालेला विद्यार्थी निर्दोष ठरेल. लबाडीची शिक्षा प्रयत्नाला असते, मिळालेल्या गुणांना नव्हे.

भौतिकवाला यांचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि दाबाच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मी मान्य करायला तयार आहे. पण आकडे बाजूला ठेवले तरी उरते ते थोडके नाही. पंचांच्या खोलीची व्यवस्था पाहणारा कर्मचारी परवानगी न घेता चेंडूंच्या पिशव्या घेऊन निघाला आणि वाटेत सुमारे एक मिनिट चाळीस सेकंद स्वच्छतागृहात कडी लावून बसला. मे २०१४ मधल्या एका संदेशात तोच स्वतःला ‘हवा काढणारा’ म्हणवतो. संघाने त्याचा अर्थ वजन कमी करणे असा लावला, जो वाचून मला आजही हसू आवरत नाही.

न्यू जर्सीकर

इथे रविवारी दुपारी ज्यांच्या घरी फुटबॉल लागतो त्या सगळ्यांना ब्रेडीचे प्रकरण तोंडपाठ आहे, परंतु खेळाडूंच्या शिक्षांविषयी बोलायचे तर न्यू ऑर्लीन्स सेंट्सच्या प्रकरणाला फार वरचे स्थान द्यायला हवे. चेंडूतली हवा आणि माणसाचा गुडघा यांत फरक आहे.

मार्च २०१२ मध्ये लीगने जाहीर केले की २००९ ते २०११ या काळात सेंट्सच्या बचावफळीत एक निधी चालत होता, आणि प्रतिस्पर्ध्याला मैदानातून उचलून न्यावे लागेल असा आघात करणाऱ्याला त्यातून हजार डॉलर, तो परत खेळूच शकला नाही तर दीड हजार डॉलर मिळत. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांना पूर्ण २०१२ चा हंगाम बाहेर बसवले गेले. खेळाडूंपैकी जोनाथन विल्माला पूर्ण हंगाम, अँथनी हारग्रोव्हला आठ सामने, विल स्मिथला चार आणि स्कॉट फुजिताला तीन सामन्यांचे निलंबन झाले. अखेर गुडेल यांनी आपल्याच आधीचे आयुक्त पॉल टॅग्लियाबू यांना अपील ऐकायला नेमले, आणि त्यांनी डिसेंबर २०१२ मध्ये चौघांचीही निलंबने रद्द केली. फुजिता वगळता बाकीच्यांचे वर्तन गैर होते हा निष्कर्ष त्यांनी कायम ठेवला; पण प्रशिक्षकांनी आणि संघव्यवस्थापनाने सगळे प्रकरण इतके दूषित केले होते की त्याचा भार खेळाडूंवर टाकणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती.

बहुतेकांनी या निकालाचे कौतुक केले. मी करत नाही. वरिष्ठांनी सांगितले म्हणून समोरच्याला जायबंदी करायला निघालेला तीस वर्षांचा माणूस संपूर्ण मोकळा सुटावा हे मला पटत नाही. प्रशिक्षक दोषी आहेत, पण आघात त्यांच्या खांद्याने झालेले नाहीत. एक मात्र टॅग्लियाबू यांनी अगदी बरोबर हेरले. हारग्रोव्हवर तपासात खोटे बोलल्याचा आरोप होता. त्यावर त्यांनी लिहिले की लीगशी चाळीस वर्षे संबंध असूनही खोटे सांगितल्याबद्दल कोणाचे निलंबन झाल्याचे त्यांना आठवत नाही, आणि चौकशीत सहकार्य न करणाऱ्या ब्रेट फार्व या क्वार्टरबॅकला २०१० मध्ये फक्त ५०,००० डॉलर दंड झाला होता. रोखठोक यांनी ब्रेडीच्या फोनचा विचार या पूर्वोदाहरणाच्या शेजारी ठेवून करावा.

आणि निलंबन रद्द झाले तरी सगळे परत मिळत नाही. हारग्रोव्ह २०११ नंतर नियमित हंगामातला एकही सामना खेळू शकला नाही. ब्रेडीचे काय झाले? न्यायालयीन लढाई लांबल्यामुळे शिक्षा २०१६ मध्ये आली, तोवर कराराची फेररचना होऊन त्याचे मूळ वेतन दहा लाख डॉलरवर आले होते, म्हणून चार सामन्यांत त्याचे जेमतेम २,३५,००० डॉलर गेले. त्या हंगामाच्या शेवटी २८-३ असे मागे पडूनही तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. जुगाराबद्दल २०२२ चा हंगाम गमावणाऱ्या कॅल्विन रिडलीने एकूण दीड हजार डॉलरच्या पैजा लावल्या होत्या आणि त्याचे एक कोटी अकरा लाख डॉलरचे वेतन गेले. कागदावर सामन्यांची संख्या मोजून प्रमाण ठरवता येत नाही ते असे.

आडवाट

न्यू जर्सीकर यांनी फार्वचे उदाहरण दिले हे बरे झाले. फोन नष्ट करणे निंद्यच होते, पण त्याची किंमत लीगने आधी ५०,००० डॉलर ठरवली होती आणि नंतर चार सामने. मधल्या काळात नियम बदललेला नव्हता.

रिडलीबद्दल माझे मत वेगळे आहे. तो आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावत होता. जुगाराची बंदी प्रत्येक खेळाडूला स्पष्ट शब्दांत कळवलेली असते, त्यामुळे ती शिक्षा कठोर असली तरी अनपेक्षित नव्हती. ब्रेडीला मात्र ‘दुसऱ्याने केलेल्या गैरकृत्याची कल्पना असणे’ हा गुन्हा असून त्याला निलंबन आहे, हे कुठेच सांगितलेले नव्हते. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी निलंबन रद्द केले ते मुख्यतः याच कारणाने.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हे परके वाटू नये. २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सचिन तेंडुलकरवर मैदानी पंचांनी काहीही तक्रार केली नव्हती. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी चित्रीकरण पाहून स्वतः आरोप ठेवला आणि स्वतःच शिक्षा सुनावली. तेव्हा देश पेटला होता, आणि बहुतेकांचा राग शिक्षेच्या आकारापेक्षा या पद्धतीवर होता असे मला आठवते.

रोखठोक

बर्मन यांचा निकाल सांगितला, तर त्याचा शेवटही सांगावा. एप्रिल २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक असा फिरवला. न्यायालयाने ब्रेडी दोषी आहे असे म्हटले नाही. दोन्ही पक्षांनी करारानेच आयुक्ताला लवाद म्हणून स्वीकारले असल्याने त्याचा निर्णय बरोबर की चूक हे पाहणे आपले काम नाही, एवढेच म्हटले. माझाही मुद्दा तोच आहे. गुडेल यांनी शिक्षा फार कडक दिली असेल, मी ती दोन सामन्यांची दिली असती, पण ती द्यायचा हक्क त्यांना खेळाडूंनीच दिला होता. आणि मार्च २०२० मध्ये नवा करार आला तेव्हा वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांसाठी संयुक्तपणे नेमलेला अधिकारी मिळाला, तरी खेळाच्या सचोटीचे विषय आयुक्तांकडेच राहिले. खेळाडूंनी तो करार १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मंजूर केला.

आडवाट

त्या मतदानात भांडण हंगामातल्या वाढीव सतराव्या सामन्याचे आणि उत्पन्नाच्या वाट्याचे होते. शिवाय त्या संयुक्त अधिकाऱ्याची पहिली मोठी कसोटी २०२२ मध्ये क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनवरील लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांच्या प्रकरणात लागली. माजी न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी सहा सामने दिले, लीगने अपील केले, आणि ते अपील ऐकायला कोणाला बसवायचे हे ठरवण्याचा अधिकार पुन्हा गुडेल यांच्याकडेच होता; निकाल येण्यापूर्वीच अकरा सामने आणि पन्नास लाख डॉलर दंडावर तडजोड झाली.