‘स्क्वर्म’ म्हणजे वळवळ, चुळबुळ की कसंनुसं?

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘स्क्वर्म’ (squirm) या शब्दापुढे ‘वळवळणे’ असतं. गांडूळ किंवा गळाला लागलेला मासा असेल तर ते चोख बसतं. पण माणसाबद्दल लिहिताना तोच शब्द डोळे मिटून वापरू नये.

आधी उगम बघू. इंग्रजीत हा शब्द १६९० च्या दशकापासून सापडतो आणि सुरुवातीला तो वाम माशाच्या जातीतल्या ‘ईल’च्या हालचालीसाठी वापरत. लांबट, बुळबुळीत अंग. हातात धरलं की डावीकडून उजवीकडे नागमोडी पिळत निसटायला बघतं. मूळ धातू पक्का ठरलेला नाही. किड्यासाठीच्या ‘वर्म’शी किंवा थव्यासाठीच्या ‘स्वॉर्म’शी त्याचा संबंध जोडतात, काहींच्या मते तो हालचालीची नक्कल करत घडला. मला हे नकलेचं मत पटतं. ‘स्क्वीझ’, ‘स्क्वॉश’, ‘स्क्वर्ट’ म्हणून बघा, दाबलं जाणं आणि निसटणं त्या उच्चारातच आहे. आपले वळवळ, सळसळ, बुळबुळ हे शब्द असेच कानातून अर्थ सांगतात.

आता जवळचे शब्द. ‘फिजेट’मध्ये हातापायांचा चाळा असतो: पेन टकटकवणं, पाय हलवणं. कारण बहुधा कंटाळा किंवा अधीरपणा. २०१७ साली घरोघरी पोचलेलं फिजेट स्पिनर हे बोटांवर फिरवायचं खेळणं त्यासाठीच. ‘राइद’ म्हणजे वेदनेनं तळमळणं, गडबडा लोळणं. त्याचा मूळ अर्थ पिळणे. पुष्पचक्राला इंग्रजीत जो ‘रीथ’ शब्द आहे, तो याच कुळातला. ‘स्क्वर्म’ या दोघांच्या मध्ये. अंग पिळवटतं, पण कारण वेदनाच असेल असं नाही; अवघडलेपण, लाज, किळस, काहीही चालतं.

म्हणून मराठी शब्द कारणावरून निवडावा. न्हाव्यापुढे बसवलेलं पोर मान वळवतं, खांदे आकसतं, खुर्चीतून घसरायला बघतं. ते ‘चुळबुळ करतं’. पत्रकारानं नेमका प्रश्न विचारल्यावर पुढारी ‘स्क्वर्म’ होतो, तेव्हा ‘पुढारी वळवळू लागले’ लिहिलं तर बातमीत नसलेली तुच्छता आत शिरते. आपल्याकडे ‘फार वळवळ करू नकोस’ ही धमकी आहे. शिवाय जीभ वळवळते ती बोलायची खुमखुमी आल्यावर आणि डोक्यात किडा वळवळतो तो भलतं सुचल्यावर. संकोच त्यात कुठेच नाही. म्हणून पुढाऱ्यासाठी ‘कानकोंडे झाले’ किंवा ‘जागच्या जागी अवघडले’ योग्य. सिनेमातला रक्तबंबाळ प्रसंग बघून आपण ‘स्क्वर्म’ होतो, तेव्हा ‘अंगावर शहारा आला’पेक्षा ‘कसंनुसं झालं’ जास्त जवळचं आहे, कारण शहारा आनंदानंही येतो.

‘स्क्वर्म आउट ऑफ’ हा वाक्प्रचार मात्र सोपा. जबाबदारीतून तसं निसटणाऱ्याला आपण ‘अंग काढून घेतलं’ म्हणतो. नुसतं टाळलं नाही, तर सबबी सांगत, आढेवेढे घेत निसटला असं दाखवायचं असेल तर ‘हातावर तुरी दिल्या’ नको, त्यात फसवून पळणं आहे. ‘शिताफीनं अंग काढून घेतलं’ एवढं पुरतं.