ऑक्टेव्हिया आरएस १.८ : के०४ टर्बोसोबत बूस्ट नियंत्रणाचे कोणते भाग घ्यावेत?

घाटवाट (पुणे)

नमस्कार. माझ्याकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आहे. इंजिन १५० अश्वशक्तीचे १.८ टर्बो पेट्रोल असून त्यावर मूळचाच के०३ टर्बो (एक्झॉस्ट वायूने फिरून इंजिनात हवा दाबणारा भाग) आहे. त्याच्या शाफ्टला आता खेळ आल्यामुळे तो बदलणे भागच आहे. म्हणून त्याच मॅनिफोल्डवर बसणारा, थोडा मोठा के०४ बसवावा आणि सोबत ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रिमॅपिंगही करून घ्यावे, असे ठरवले आहे. ट्यूनरने १.२ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) गृहीत धरला आहे.

अडचण अशी की प्रत्येक जण वेगळा सल्ला देतो. एका गॅरेजचे म्हणणे मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर लावा, दुसऱ्याचे म्हणणे हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवाच, तर तिसरे ३ बारचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) घ्यायला सांगतात. टर्बोवर बसून येणाऱ्या ॲक्च्युएटरची (वेस्टगेटची झडप दांड्याने हलवणाऱ्या भागाची) स्प्रिंग किती बारची आहे, हे मात्र विक्रेत्यालाही सांगता आले नाही. पैसे मर्यादित आहेत. आधी कशावर खर्च करावा?

सह्याद्रीचालक

जी माहिती विक्रेत्याने दिली नाही, नेमकी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. सुरुवात ॲक्च्युएटरपासून करा. बाकीचे भाग त्यावरून ठरतील.

वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट वायू टर्बोला टाळून बाहेर सोडणारी झडप; ती बंद धरणाऱ्या ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगमुळे किमान बूस्ट ठरतो. सोलेनॉइडला (ईसीयूच्या हुकमावर चालणाऱ्या विद्युत झडपेला) ॲक्च्युएटरकडे जाणारा दाब कमी करून बूस्ट वाढवता येतो, पण स्प्रिंगच्या खाली बूस्ट आणता येत नाही. आपल्या गाडीतला एन७५ हा तीन नळ्यांचा सोलेनॉइड आहे, आणि अशा मांडणीत स्प्रिंगच्या साधारण दुपटीपर्यंतच बूस्ट विश्वासाने सांभाळता येतो. म्हणजे १.२ बारसाठी ०.६ ते ०.७ बारची स्प्रिंग हवी. स्प्रिंग याहून बरीच नरम असेल, तर वरच्या आरपीएमला एक्झॉस्टच्या दाबानेच झडप उघडू लागते आणि बूस्ट उतरत जातो. उलट ती १.१ बारची घेतली आणि उद्या भेसळीच्या पेट्रोलमुळे नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी पेटून ठोके बसणे) सुरू झाले, तर ईसीयूला बूस्ट खाली आणायला जागाच राहत नाही.

मोजणी सोपी आहे. टर्बो गाडीवर चढवण्याआधी गेज असलेला हातपंप ॲक्च्युएटरच्या नोजलला जोडावा आणि दाब अगदी हळू वाढवावा. दांडा पहिल्यांदा हलेल तो आकडा लिहून ठेवावा; पुढे झडप पूर्ण उघडेल तो आकडाही लिहावा. मग पंप थांबवून काटा पाहावा. तो स्थिर राहिला नाही, तर डायफ्रॅम गळतो आहे असे समजून ॲक्च्युएटर परत करावा.

मॅन्युअल कंट्रोलर लावू नका, हे मी आग्रहाने सांगतो. या ईसीयूकडे बूस्टचे स्वतःचे उद्दिष्ट असते आणि तापमान, नॉकिंग व पेडल पाहून तो ते क्षणोक्षणी बदलतो. मध्ये हा स्प्रिंग आणि गोळीचा मॅन्युअल व्हॉल्व्ह घातला की मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत तफावत पडते, १७९६३ किंवा १७९६५ हा फॉल्ट कोड येतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू ताकद कमी करून ठेवतो. रिमॅप करणारच आहात, तर नियंत्रण एकाच्याच हाती राहू द्या.

पाना१३

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे. सेन्सर आणि व्हॉल्व्ह यांबद्दल थोडी भर घालतो.

मूळचा मॅप सेन्सर साधारण २.५ बारपर्यंत निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून) वाचतो. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ०.९५ बार असतो, त्यात १.२ मिळवले की २.१५ होतात. जागा शिल्लक आहे, तेव्हा ३ बारच्या सेन्सरवरचा खर्च वाचवा. महाबळेश्वरला मात्र हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास असतो. तिथेही ईसीयूने २.१५चाच आग्रह धरला, तर टर्बोला जवळजवळ १.३ बार बूस्ट द्यावा लागेल आणि तो बराच जास्त वेगाने फिरेल. उंचीनुसार उद्दिष्ट कमी होते का, हे ट्यूनरला स्पष्ट विचारून घ्या.

हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह या गाडीला योग्य नाही. एअर मास सेन्सरने ती हवा आधीच मोजलेली असते; ती बाहेर गेली तरी पेट्रोल तिच्या हिशोबाने पडतेच आणि गिअर बदलताना मिश्रणात पेट्रोल जास्त होते. हवा इनटेकमध्ये परत सोडणारा डायव्हर्टरच ठेवा. मूळच्या प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हचा डायफ्रॅम वयोमानाने फाटतो, त्यामुळे ७१०एन क्रमांकाचा नवा घ्यावा. तो महाग नाही आणि १.२ बारला पुरतो.

एन७५सुद्धा नवा घ्या, पण मूळ प्रकारचाच. मॅक कंपनीचा सोलेनॉइड चांगला आहे यात शंका नाही. मात्र त्यासाठी वायरिंगचा कनेक्टर बदलावा लागतो आणि ड्युटी सायकलचे (सोलेनॉइड किती वेळ चालू ठेवायचा याचे) कोष्टक नव्याने जुळवावे लागते. के०४साठी तेवढ्याची गरज नाही.

बारीक होस पाइपकडे कोणी लक्ष देत नाही, याचे मला वाईट वाटते. कॉम्प्रेसरपासून एन७५कडे आणि तिथून ॲक्च्युएटरकडे जाणारा पाइप निसटला, तर वेस्टगेटला दाबच पोहोचत नाही आणि बूस्ट अनिर्बंध वाढतो. उष्णतेने कडक झालेले जुने पाइप काढून टाका, जाड भिंतीचे नवे घाला आणि प्रत्येक टोकाला क्लिप लावा.

घाटवाट (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. आज हातपंप लावून पाहिला. दांडा ०.४ बारला हलू लागतो; गळती नाही. दांड्याची नट आवळून तो ०.६पर्यंत नेता येईल का?

सह्याद्रीचालक

थोडाफार वाढेल, पण ०.६पर्यंत ओढून नेऊ नका. नट आवळताना दांड्याची उपलब्ध हालचाल खर्च होते आणि झडप पूर्ण उघडेनाशी होते. मग वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट वायूला वाट कमी पडते आणि बूस्ट आपोआप चढत राहतो. तो दोष कोणत्याही सोलेनॉइडने दुरुस्त होत नाही. विक्रेत्याकडून ०.६ किंवा ०.७ बारचा ॲक्च्युएटर बदलून घ्या आणि त्यावर दांड्याला एक-दोन मिलिमीटरचाच ताण द्या.

रिमॅपनंतरची पहिली चाचणी एन७५चा कनेक्टर काढून, शक्यतो डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. त्या वेळी बूस्ट स्प्रिंगच्या आकड्याजवळच थांबायला हवा. तसे झाले नाही, तर पाइप चुकीच्या नोजलला लागले आहेत किंवा झडप अडकते आहे. हे नीट झाल्यावरच कनेक्टर लावा आणि व्हीसीडीएसवर (ईसीयूची माहिती वाचणाऱ्या संगणक प्रणालीवर) ११५ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये मागितलेला व मिळालेला दाब, तर ०२० मध्ये प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग किती मागे येते ते नोंदवा. रिमॅप ९५ ऑक्टेनवर करणार असाल, तर पुढेही तेच पेट्रोल भरावे लागेल.

पाना१३

कागदपत्रांचेही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी हा मुद्दा काढू शकते. जुना टर्बो आणि ईसीयूची मूळ फाइल टाकून देऊ नका.