टाइप रेटिंगचा खर्च वैमानिकाच्या माथी का?

वर्धारोडवाला: सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला) २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यात १०० तास स्वतः कमांडर म्हणून. हे शिक्षण आहे, विद्यार्थ्याने पैसे भरले तर समजू शकतो. पण त्यानंतर एअरबस ए-३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच जातीचं विमान चालवण्याची परवानगी, तेही त्याच्याच खिशातून? उद्या कंपनीने बोईंग ७३७ वर घेतलं तर पुन्हा नवं रेटिंग. विमान कंपनीचं, गरज कंपनीची. ते चालवायला शिकवण्याचं बिलही तिनेच भरावं.

धरमपेठ_हिशेब: भाऊ, ए-३२० इंडिगोकडेही आहेत आणि एअर इंडियाकडेही. रेटिंग लायसन्सवर चढतं, कंपनीला ते काढून घेता येत नाही. आधी सिम्युलेटर (जमिनीवरचं नकली कॉकपिट), मग रिकाम्या विमानात लँडिंगचा सराव, मग प्रशिक्षक कॅप्टनशेजारी बसून प्रवासी उड्डाणं. एवढं करून पोरगा वर्षात दुसरीकडे गेला तर फायदा प्रतिस्पर्ध्याचा. नोटीस पिरियडने तो फक्त काही महिने थांबतो, पैसे परत येत नाहीत.

वर्धारोडवाला: त्यासाठी ३ वर्षं नोकरी न सोडण्याचा बॉण्ड करा आणि मध्येच सोडल्यास भरायची रक्कम दरमहा १/३६ ने उतरू द्या. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच मिळते, मनाला येईल तो आकडा लिहून भागत नाही. ब्रिटिश एअरवेज तर २०२३ पासून निवडलेल्या उमेदवारांचं मूळ प्रशिक्षणसुद्धा स्वतःच्या खर्चाने करते.

मिहान_उड्डाण: मूळ सीपीएलचा भारही कमी समजू नका. मे महिन्यात ४५ अंशांत सोनेगावची (नागपूर विमानतळाची) हवा साधारण ४,८०० फुटांवर असावी तशी विरळ होते. सेसना १५२ या दोन सीटच्या शिकाऊ विमानात दोन माणसं आणि भरलेली टाकी म्हटलं की वजन आधीच मर्यादेला टेकतं, त्यात चढाई मंदावते. दुपारची उड्डाणं बंद, पुढे पावसाळा. तास लांबतात, खोलीभाडं मात्र चालूच. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. ६० लाख, ११ टक्के, १० वर्षं धरली तर हप्ता ८२ हजारांच्या वर. ज्याच्या बापाकडे गहाण ठेवायला शेत किंवा घर नाही, तो कितीही हुशार असो, इथेच गळतो. म्हणून सीपीएलच्या कर्जाला सरकारने हमी द्यावी आणि रेटिंग कंपनीने करावं.

धरमपेठ_हिशेब: उतरता बॉण्ड मला मान्य, पण रक्कम प्रत्यक्ष बिलाइतकीच हवी. आणि सिम्युलेटरच्या तपासणीत दुसऱ्यांदाही नापास झाला तर जादा सेशनचे पैसे कोणाचे, हे करारात आधीच लिहा. भांडणं तिथेच होतात.