मदत हवी आहे: क्रूझवर नऊ जणांचा वरखर्च कोणाच्या कार्डावर? बाबांना स्वतःचे पैसे स्वतः भरायचे आहेत

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. त्यासाठी भावाने आणि मी मिळून सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ घेतली आहे. रॉयल कॅरिबियनचं जहाज आहे, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. आई-बाबा, मी, नवरा, मुलगी (१२), भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं (९ आणि ५) असे नऊ जण, तीन केबिन. विमान, व्हिसा, केबिनचे पैसे सगळं मार्गी लागलं. घोडं अडलंय ते जहाजावरच्या वरखर्चापाशी.

एवढं कळलंय की जहाजावर रोख चालत नाही. प्रत्येकाला एक कार्ड देतात, तेच केबिनची किल्ली आणि तेच पाकीट. जे घ्याल ते खात्यावर चढतं आणि शेवटी आपल्या क्रेडिट कार्डातून वळतं होतं. मग तीन केबिनना मिळून एकच क्रेडिट कार्ड लावता येतं का? लावलं तर कोणी किती खर्च केला हे वेगळं दिसतं का? भावाशी हिशोबावरून एका शब्दानेही वाजायला नको आहे मला, म्हणून विचारतेय.

दुसरं, ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप. टूरवाल्याच्या कोटेशनमध्ये शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, 'ग्रॅच्युइटी वगळून'. विचारल्यावर म्हणाला, माणशी रोज साडेअठरा डॉलर, लहान मुलांनाही तेवढेच. म्हणजे नऊ जणांचे चार दिवसांचे ६६६ डॉलर! डॉलर ९० रुपये धरला तर जवळजवळ साठ हजार. पैसे द्यायला ना नाही, पण पैसे भरून झाल्यावर हे कळलं याचं फार वाईट वाटलं. हे आधी भरावेत की जहाजावर?

आणि तिसरा प्रश्न, खरं तर त्याच्याचसाठी हा धागा काढलाय. बाबा एसटीत ३३ वर्षं वाहक होते. रोज रात्री डेपोत वेबिल आणि रोकड जुळवल्याशिवाय घरी आले नाहीत. निवृत्त झाल्यावरही डायरी चालूच आहे: तारीख, कशासाठी, किती, शिल्लक. क्रूझचं सांगितलं तेव्हा आधी नाहीच म्हणाले, मग तयार झाले ते एका अटीवर. "तिकिटं तुम्ही काढलीत, ठीक आहे. पण तिथे चहा प्यायचा तर तो माझ्या पैशाने पिईन. तुझ्या कार्डावर नाही." त्यासाठी चाळीस हजार बाजूला काढून ठेवलेत. त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड आहे तेवढंच. ते जहाजावर लावावं का? फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरलेलं) काढून द्यावं? की रोख भरायची काही सोय असते?

त्यांचा मान राहील असा मार्ग हवा आहे. जाणकारांनी प्लीज सांगा.

---

वाटसरू

आम्ही मागच्या दिवाळीत सिंगापूरहूनच गेलो होतो, तीन भावंडांची कुटुंबं, बारा जण.

एक कार्ड सगळ्या केबिनना लावता येतं. ॲपवर ऑनलाइन चेक-इन करताना किंवा चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर. खर्च प्रत्येकाच्या नावाने वेगळा दिसतो, तारीख-वेळेसकट. पण माझं ऐकाल तर तुमच्या केबिनला तुमचं कार्ड आणि भावाच्या केबिनला भावाचं ठेवा. आम्ही एकाच कार्डावर सगळं घेतलं आणि घरी आल्यावर दोन रविवार वाटणीत गेले.

मुलांचं मात्र पहिल्याच दिवशी बघा. त्यांचं कार्डही किल्लीचंच असतं आणि गेमच्या खोलीत मशीनवर टेकवलं की पैसे जातात. काउंटरवर सांगून त्यांच्या कार्डावरचा खर्च बंद करून घेता येतो, नाहीतर मर्यादा घालून देतात. पूलचे टॉवेलही परत करा, राहिले तर खात्यावर पैसे लागतात.

खायची काळजी करू नका. मुख्य डायनिंग, बुफे, शो, पूल, मुलांचा क्लब हे तिकिटातच असतं. बुफेवरचा चहा, साधी कॉफी, पाणी फुकट. पैसे पडतात ते कोल्ड्रिंक, दारू, मशीनची कॉफी, स्पेशल रेस्टॉरंट, वायफाय, स्पा, फोटो आणि बंदरावरच्या सहली यांना.

---

तारवटी

गोदाकाठ ताई, मी गोव्याचा. आमच्याकडे जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात. अकरा वर्षं निरनिराळ्या क्रूझवर काढली, आधी बारमध्ये, नंतर फ्रंट डेस्कला. तुमच्या वडिलांचं वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

रोख भरता येते. बहुतेक मोठ्या जहाजांवर गेस्ट सर्व्हिसेसला डॉलर जमा करून खातं उघडून देतात. वडिलांना स्वतः काउंटरवर जाऊ द्या, स्वतःच्या हाताने नोटा मोजून भरू द्या. पावती मिळते. त्यांचं खातं तुमच्या कार्डाला जोडलेलं नाही ना, एवढं मात्र त्याच वेळी विचारा, कारण बुकिंग तुमच्या नावावर असलं तर सिस्टीम सगळ्या केबिन एकाच कार्डाला जोडून मोकळी होते. जमा संपली की पुढच्या खरेदीला कार्ड नाकारतं. बारवर चार लोकांत असं झालं की मोठी माणसं ओशाळतात, मी पाहिलंय. म्हणून रोज सकाळी काउंटरवर शिल्लक विचारायची. कागदावर छापूनही देतात, डायरीला बरं पडेल. उरलेले पैसे शेवटी रोख परत मिळतात. त्यासाठी शेवटच्या रात्री जाऊ नका, तेव्हा रांग जिन्यापर्यंत असते. दुपारी खरेदी संपवून जा.

डेबिट कार्ड लावू नका. जहाज रोजच्या खर्चाएवढी किंवा थोडी जास्त रक्कम बँकेकडे अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त लिमिट कमी दिसतं. डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि जहाजाने सोडले तरी बँकेकडून मोकळे व्हायला दिवस लागतात. एका म्हाताऱ्या जोडप्याचे असे पैसे अडकले आणि पुढच्या बंदरावर टॅक्सीला पैसे उरले नाहीत. त्या आजींचा चेहरा मला अजून आठवतो.

ग्रॅच्युइटी. तुम्हाला आधी सांगितलं नाही ही टूरवाल्याची चूकच. पण हे पैसे तुमची केबिन रोज झाडणाऱ्याला, टेबलावर वाढणाऱ्याला आणि मागे न दिसणाऱ्या माणसांना वाटले जातात. आमचे महिनोन्‌महिने घराबाहेर जातात, सुट्टी न घेता, आणि पगाराचा मोठा भाग यातूनच येतो. काही लोक काउंटरवर येऊन ही रक्कम काढून टाकायला सांगतात. कृपा करून तसं करू नका. आधी भरली तर बरं, जहाजावरचं बिल हलकं होतं.

एक आतली गोष्ट. बारच्या किंवा कॉफीच्या बिलात १८ टक्के ग्रॅच्युइटी आधीच धरलेली असते. तरी स्लिपवर सहीच्या वर आणखी एक रिकामी ओळ असते. आपले लोक ती भरायचीच असते असं समजून परत टिप लिहितात. द्यायची तर आनंदाने द्या, पण ती सक्तीची नाही.

देव बरें करूं. आई-बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

जमाखर्च

तारवटी यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी बँकेत आहे, कार्डाच्या बाजूचं लिहितो.

क्रेडिट कार्डाचा परदेशी वापर निघण्यापूर्वी ॲपमधून चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं फक्त देशात चालतील अशीच येतात. हे घरीच करा, समुद्रात ओटीपी येत नाही.

बऱ्याच कार्डांवर परदेशी चलनाचा मार्कअप (बँकेचा जादा आकार) ३.५ टक्के असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५०० डॉलरच्या, धरा ४५ हजारांच्या, बिलावर साधारण १,८५० रुपये जास्तीचे. कमी मार्कअपचं कार्ड घरात कोणाकडे असेल तर तेच लावा. आणि बिल रुपयांत हवं की डॉलरमध्ये असं विचारलं तर डॉलर सांगा. रुपयांत दिसायला सोपं वाटतं, पण तो दर त्यांचा असतो आणि महाग पडतो.

फॉरेक्स कार्ड बंदरावर उतरल्यावर उत्तम, पण जहाजाच्या खात्याला जोडू नका. डेबिट कार्डासारखंच, अडवलेली रक्कम लवकर सुटत नाही. बाबांसाठी रोख डॉलरच योग्य. अधिकृत मनीचेंजरकडून घ्या, पासपोर्ट आणि पॅन लागेल, पावती जपा.

परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या एलआरएसमध्ये (परदेशात पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) धरत नाहीत, त्यामुळे जहाजावरच्या बिलावर टीसीएस (पैसे घेतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर) नाही. टूर पॅकेजवर मात्र घेतला असेल. तो कोणाच्या पॅनवर कापलाय ते आजच बघा. तुमच्या पॅनवरच्या आयकर खात्याच्या नोंदीत दिसला की रिटर्न भरताना वळता होतो.

---

शेवंती

पैशाचंच पण कोणी लिहिलं नाही म्हणून. आमच्या लेकाला दुसऱ्या रात्री उलट्या सुरू झाल्या. जहाजावर डॉक्टर आहेत, छान बघतात, पण तपासणी, इंजेक्शन, सलाईन सगळं खात्यावर चढतं आणि दर परदेशातले असतात. आपला इथला आरोग्य विमा तिथे सहसा चालत नाही. प्रवास विमा नऊही जणांचा काढा, आणि आई-बाबांचा काढताना बीपी-शुगर असेल तर लपवू नका. उतरण्याआधी मेडिकल सेंटरमधून शिक्क्याचं तपशीलवार बिल आणि डॉक्टरांचा कागद घ्या. आम्हाला त्या दोन कागदांवर पैसे परत मिळाले.

फोन चढताक्षणी एअरप्लेन मोडवर. समुद्रात सॅटेलाइटचं नेटवर्क पकडतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही. यजमानांना एका कॉलचं आलेलं बिल मला अजून पटलेलं नाही.

---

आंबेमोहोर

हेच नियम आपल्या कॉर्डेलिया क्रूझला लागू होतात का? मुंबईहून जायचा विचार आहे.

---

वाटसरू

कॉर्डेलियावर हिशोब रुपयांत, त्यामुळे मार्कअपचा प्रश्न नाही. सिंगापूरहून जेंटिंग ड्रीम या जहाजाने गेलात तर तिथे सिंगापूर डॉलर चालतात, अमेरिकन नाही. रोख बदलून नेण्याआधी जहाजाचं चलन विचारून घ्या.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना शेजारी बसवून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तारवटी यांचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आमच्या दोघांची ग्रॅच्युइटी तू भरू नकोस. ती मी तिथे भरीन."

त्यामुळे आता असं ठरलंय: आम्हा सात जणांचे ५१८ डॉलर आधीच भरतोय. आई-बाबांचे १४८ त्यांच्या खात्यातून जातील. माझ्या केबिनला माझं कार्ड, भावाला भावाचं, मुलांचा खर्च बंद. टीसीएस खरोखरच बाबांच्या पॅनवर कापला होता! टूरवाल्याशी बोलून दुरुस्त करून घेतेय, जमाखर्च तुम्ही सांगितलं म्हणून कळलं.

---

गोदाकाठ

परत आल्यावर कळवायचं होतं, म्हणून लिहितेय.

पहिल्याच दुपारी बाबा काउंटरवर गेले. मी मागे चार पावलांवर उभी राहिले, बोलायचं नाही असं स्वतःला बजावून. शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, शंभराच्या चार नोटा एकेक करून काउंटरवर ठेवल्या, हिंदीत म्हणाले, "गिन लीजिए." समोरची मुलगी फिलिपिन्सची होती. तिला शब्द कळला नसेल, पण तिने त्यांच्यासमोर सावकाश मोजल्या आणि पावती दोन्ही हातांनी दिली. ती बाबांनी डायरीत डकवलीय.

तारवटी म्हणाले तसंच झालं, सिस्टीमने त्यांची केबिन माझ्या कार्डाला जोडली होती. तिथेच सुटी करून घेतली.

रोज सकाळी नाश्त्याआधी बाबा शिल्लक विचारून यायचे. तिसऱ्या दिवसापासून ती मुलगी लांबूनच "गुड मॉर्निंग, पापा" म्हणत कागद पुढे करायची. आईला दोनदा मशीनची कॉफी पाजली. फुकेतहून निघालो त्या संध्याकाळी जहाजाच्या फोटोवाल्याने नऊ जणांचा फोटो काढला, तोही बाबांनीच घेतला. भाऊ कार्ड पुढे करत होता, त्याचा हात बाजूला केला.

शेवटच्या दुपारी जमेतले १६३ डॉलर परत मिळाले. त्यातले वीस बाबांनी केबिन झाडणाऱ्या मुलाला दिले. तो रत्नागिरीचा निघाला, खाली वाकून दोघांच्या पाया पडला.

डायरीत शेवटची ओळ अशी आहे: 'शिल्लक १४३ डॉलर. हिशोब जुळला.'