बेसबॉलमध्येही संघांच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा हवी का?

पिट्सबर्गकर:
२०२५ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, मी शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिली. सातवा सामना, अकरावी इनिंग, आणि आदल्याच रात्री पिचिंग (गोलंदाजी) केलेला लॉस एंजेलिस डॉजर्सचा यामामोतो पुन्हा चेंडू हातात घेऊन उभा! असा खेळ पाहायला मिळणं हे भाग्यच. पण सलग दुसऱ्यांदा जिंकलेल्या त्याच डॉजर्सनी जानेवारीत काइल टकरला ४ वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊन घेतलं, तेव्हा मन खट्टू झालं.

मी पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाचा. आमचं शेवटचं विजेतेपद १९७९चं, शेवटचा प्लेऑफ २०१५चा. आमचा पिचर पॉल स्कीन्सने २०२५मध्ये १.९७ ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) राखून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, तरी त्याच्या नावावर विजय १० आणि पराभवही १०, कारण आमच्याकडे बॅटिंगच नाही. २०२९नंतर तो कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा होईल. तो जाणार कुठे, हे इथल्या प्रत्येकाला आत्ताच माहीत आहे.

आयपीएलमध्ये खेळाडूंवर खर्च करायची एकूण थैली सगळ्या संघांना सारखीच. इथे मर्यादा ओलांडली की फक्त कर लागतो, आणि ज्याला परवडतं तो भरून मोकळा होतो. खेळाडूंसोबतचा करार १ डिसेंबर २०२६ला संपतोय. नव्या करारात कमाल मर्यादा यायलाच हवी.

निळी टोपी, लॉस एंजेलिस:
साफ असहमत. आमचे मालक मिळालेला पैसा संघावर लावतात, हा गुन्हा कसा? आमच्या ओतानीने करारातल्या ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी नंतर, २०३४ ते २०४३ या काळात घ्यायचं कबूल केलं. असा करार करायला बाकीच्यांनाही बंदी नव्हती. आणि मिलवॉकीचा संघ बघा. शहर लहान, खर्च कमी, तरी २०२५च्या मोसमात सर्वाधिक ९७ विजय त्यांचेच. पिट्सबर्गला हे का जमत नाही, ते तुमच्या मालकांना विचारा.

पिट्सबर्गकर:
विचारतोच आहोत. संघ विका म्हणून स्टेडियममध्ये घोषणा देऊन घसे बसले आमचे. पण त्याच मिलवॉकीचं पुढे काय झालं? वर्ल्ड सीरिजच्या आधीच्या मालिकेत तुम्ही त्यांना ४-० धुतलंत. चौथ्या सामन्यात एकट्या ओतानीने ३ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले आणि पिचिंग करताना १० जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. मोसमभराची हुशारी चार सामन्यांत संपली.

जुना प्रेक्षक:
१९९४ आठवतंय का कुणाला? मालकांनी याच मर्यादेचा आग्रह धरला, खेळाडू ऑगस्टमध्ये संपावर गेले आणि वर्ल्ड सीरिजच रद्द झाली. तेव्हा सगळ्यात पुढे कोण होतं? माँट्रियल एक्सपोज, ७४ विजय आणि ४० पराभव. गरीब संघ, आयुष्यातली सर्वोत्तम टीम. संपानंतर त्यांचे चांगले खेळाडू एकेक करून गेले आणि २००५मध्ये संघच वॉशिंग्टनला हलला. म्हणून कमाल मर्यादेसाठी खेळ बंद पाडायला माझा ठाम विरोध. त्यापेक्षा किमान खर्चाची सक्ती करा, म्हणजे हात आखडणाऱ्या मालकांना पळवाट उरणार नाही.

पिट्सबर्गकर:
माँट्रियलचा मुद्दा लागला मनाला. किमान खर्चाची सक्ती मलाही मान्य, पण ती एकटी पुरणार नाही. डॉजर्सचा टीव्ही करार २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा. आमचा मालक बदलला तरी पिट्सबर्गचं लॉस एंजेलिस होणार नाही.

निळी टोपी, लॉस एंजेलिस:
टीव्हीचा पैसा आणखी वाटायचा असेल तर वाटा, माझी हरकत नाही. खेळाडूच्या पगाराला मात्र हात लावू नका. स्कीन्सला पिट्सबर्गमध्येच ठेवायचं असेल, तर आजच त्याच्यापुढे करार ठेवा.